मॅनिफोल्ड तापून नाही, अडकून फुटतो

टर्बो असलेल्या गाडीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा गेला की गॅरेजमधलं निदान ठरलेलं असतं: "गाडी लई तापवली." इलाजही ठरलेला. आणखी जाड मॅनिफोल्ड बसवा, नट कचकचून आवळा, वरून उष्णतारोधक पट्टी गुंडाळा. निदान अर्धंच बरोबर आहे, आणि इलाजांतले किमान दोन तर पुढचा तडा लवकर आणणारे आहेत.

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला, चिकटलेला, गंजाच्या रंगाचा तो ओबडधोबड भाग. प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारा जळका वायू तीन, चार किंवा सहा तोंडांनी आत घ्यायचा आणि एका तोंडाने पुढे पाठवायचा, एवढंच त्याचं काम. बिनटर्बोच्या गाडीत हे काम फारसं अवघड नाही. टर्बो, म्हणजे जळक्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, आला की दोन गोष्टी बदलतात. वायूची वाट टर्बाइनच्या चाकाने अडवलेली असते, त्यामुळे दाब आणि उष्णता दोन्ही मॅनिफोल्डमध्ये तुंबतात. शिवाय पाच-दहा किलोचा टर्बो बहुतेक गाड्यांत मॅनिफोल्डलाच लटकलेला असतो. भरपूर लोडवर डिझेल गाडीत टर्बाइनच्या तोंडाशी वायूचं तापमान ७०० ते ८५० अंश सेल्सिअस असतं, पेट्रोलमध्ये ते ९५० ते १०५० अंशांपर्यंत जातं. घाट चढून आल्यावर रात्री बॉनेट उघडलं तर मॅनिफोल्ड लालसर दिसतो तो उगाच नाही. अंधारात लोखंडाचा लाल रंग ५५०-६०० अंशांपासून डोळ्याला जाणवायला लागतो.

पण नुसत्या तापमानाने तडा जात नाही. तोच मॅनिफोल्ड सुटा काढून भट्टीत सगळीकडून सारखा तापवला आणि सावकाश निववला, तर त्याला सहसा काही होणार नाही. गाडीवर बसवला की फुटतो, कारण तिथे तो दहा-बारा स्टडनी (हेडमध्ये रोवलेल्या, वर नट बसणाऱ्या आट्यांच्या दांड्यांनी) हेडला जखडलेला असतो आणि त्याला वाढायला जागा नसते.

हिशेब करून बघू

चार सिलिंडरचं इंजिन घ्या. मॅनिफोल्डच्या पहिल्या स्टडपासून शेवटच्या स्टडपर्यंत ४०० मिलिमीटर अंतर धरू. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दर अंशाला स्वतःच्या लांबीच्या दहा लाखांश भागाच्या साडेबारा पट वाढतं. सकाळी २५ अंशांवर असलेला मॅनिफोल्ड ६५० अंशांवर गेला तर वाढ झाली ४०० गुणिले ०.००००१२५ गुणिले ६२५, म्हणजे ३.१ मिलिमीटर. हेड ॲल्युमिनिअमचं. ते जवळजवळ दुप्पट वेगाने वाढतं, पण त्याच्यातून पाणी फिरत असल्याने ते १०० अंशांच्या आसपासच राहतं. त्याची वाढ ०.७ मिलिमीटरच्या आतच. म्हणजे मॅनिफोल्डला हेडपेक्षा जवळपास अडीच मिलिमीटर जास्त लांब व्हायचंय. मॅनिफोल्ड ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा असेल तर त्याची एकट्याची वाढ साडेचार मिलिमीटरवर जाते. स्टेनलेस गंजत नाही म्हणून ते चांगलं, हा समज इथे उलटा पडतो. वाढण्याच्या बाबतीत ते बिडापेक्षा खूपच हट्टी आहे.

आता स्टड त्याला वाढूच देत नाहीत असं समजा. तीन मिलिमीटर वाढणाऱ्या ४०० मिलिमीटरच्या तुकड्याला ती वाढ नाकारणं म्हणजे त्याला पाऊण टक्क्याने दाबणं. धातू साधारण ०.२ टक्क्यांपर्यंतच दाबला किंवा ताणला तर सोडल्यावर मूळ मापावर परत येतो, आणि तेही थंड असताना. लाल झालेला धातू त्याहून मऊ असतो. तो दाब परतवून न लावता मुकाट्याने आखूड होऊन बसतो, आणि हे आखूडपण कायमचं असतं.

इंजिन बंद केलं. मॅनिफोल्ड निवतोय, आकसतोय. तापलेला असतानाच तो आखूड झाला होता, आता आणखी आखूड व्हायला बघतोय, पण स्टड त्याला जुन्याच लांबीला धरून आहेत. त्यामुळे थंड मॅनिफोल्ड दोन्ही बाजूंनी ओढला जातो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवणारा लोहार हेच करतो. गोवऱ्यांच्या जाळात धाव तापवून मोठी करायची, चाकावर बसवायची, वरून पाणी ओतायचं. आकसता आकसता ती आरे आणि तुंबा एकमेकांत घट्ट दाबून धरते, आणि निवलेली धाव पुढे कायम ताणाखाली राहते. फरक एवढाच, की धाव एकदाच तापते आणि मॅनिफोल्ड रोज दोन-चार वेळा. तापताना दाब, निवताना ताण, पुन्हा दाब, पुन्हा ताण. प्रत्येक फेरीत धातू थोडासा कायमचा हलतो आणि काही शे ते काही हजार फेऱ्यांत कुठेतरी केसाएवढी चीर उघडते.

यातून एक खूण आपोआप समजते. सकाळी गाडी सुरू केल्यावर इंजिनातून टिक-टिक-टिक आवाज येतो आणि पाच मिनिटांत गायब होतो. बरेच जण त्याला टॅपेटचा आवाज समजून सोडून देतात. आवाज इंजिन गरम झाल्यावर जात असेल आणि मॅनिफोल्डच्या बाजूने येत असेल, तर आधी तडा शोधा. निवल्यावर चीर ताणाने उघडी असते, तापल्यावर धातू फुगून ती मिटते.

कमिन्सचं उदाहरण

हे सगळं एका ठिकाणी बघायचं असेल तर अमेरिकेतल्या डॉज रॅम पिकअपमधलं कमिन्सचं ५.९ लिटर, सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन बघावं. हे इंजिन त्या पिकअपमध्ये १९८९ च्या मॉडेलपासून आलं. आपल्याला ते परकं नाही. याच घराण्यातली इंजिनं जमशेदपूरच्या टाटा कमिन्समधून टाटांच्या ट्रकांत वर्षानुवर्षं बसत आली आहेत. पिकअपमधला मूळ मॅनिफोल्ड एका तुकड्यात ओतलेला, सहा तोंडांचा, सरळ ओंडक्यासारखा. अमेरिकन मालक त्यामागे जड ट्रेलर जोडून डोंगर चढवतात. दोन-चार लाख किलोमीटरनंतर मॅनिफोल्ड खोलला की तीन गोष्टी दिसतात. टोकाच्या स्टडपैकी एखादा तुटलेला असतो, मधले शाबूत. गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि मॅनिफोल्डमधल्या पॅकिंगचा, ठसा मधल्या तोंडांवर बरोबर बसलेला आणि टोकांच्या तोंडांवर आतल्या बाजूला सरकलेला. आणि खोललेला मॅनिफोल्ड परत लावायला गेलं तर टोकाची भोकं हेडच्या भोकांशी जुळतच नाहीत. मॅनिफोल्ड अक्षरशः आखूड झालेला असतो.

यावर बाजारात जो उपाय रुळला तो जास्त जाड मॅनिफोल्डचा नाही, तीन तुकड्यांच्या मॅनिफोल्डचा. मधला तुकडा टर्बो धरतो. दोन्ही टोकांचे तुकडे मधल्यात नळीत नळी सरकावी तसे बसतात, आत सील रिंग असतात. तापल्यावर प्रत्येक तुकडा आपापल्यापुरता वाढतो, जोड आत सरकतो, स्टडवर ओढ येत नाही. थंड असताना अशा जोडातून किंचित काजळी बाहेर पडते, तापल्यावर तो घट्ट होतो. जड ट्रकांच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांत असे सरकते जोड सर्रास असतात. म्हणजे उत्तर फार आधी सापडलेलं आहे: जिथे धातूला सरकायचंय तिथे सरकू द्या.

चार सिलिंडरच्या कारला तीन तुकड्यांची गरज सहसा नसते, पण तत्त्व तेच. मॅनिफोल्डचे बाहेरचे नळ ७०० अंशांवर आणि हेडला चिकटलेली फ्लँज, म्हणजे स्टडची भोकं असलेली सपाट पट्टी, त्याहून कितीतरी थंड. नळ वाढतात, फ्लँज तेवढी वाढत नाही, आणि आख्खा मॅनिफोल्ड धनुष्यासारखा वाकतो. म्हणून वेल्डिंग करून बनवलेल्या चांगल्या मॅनिफोल्डमध्ये फ्लँज दोन तोंडांच्या मध्ये करवतीने कापलेली असते. काही जण हे बघून "फ्लँज अर्धवट कापली, कमजोर केली" म्हणतात. ती मुद्दाम कापलेली असते. प्रत्येक तोंडाची फ्लँज स्वतंत्र झाली की तिला शेजारणीशी भांडावं लागत नाही.

भोक, स्टड आणि पॅकिंग

माझ्या मते सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित उपाय भोकांत आहे. मधल्या स्टडची भोकं अंगाबरोबर ठेवावीत, म्हणजे मॅनिफोल्ड कुठे बसायचा ते ठरतं. बाहेरच्या स्टडची भोकं लांबीच्या दिशेने दीड-दोन मिलिमीटर मोठी किंवा लांबट असावीत. बऱ्याच कंपन्या ओतीव मॅनिफोल्डवर हे मुळातच करतात. नवीन भाग हातात घेऊन पाहिलात तर टोकाची भोकं गोल नसून अंडाकृती दिसतील. लोकल मॅनिफोल्ड बनवून घेताना मात्र लेझर कटिंगवाला सगळी भोकं एकाच मापाची पाडतो, कारण ड्रॉइंगमध्ये कुणी वेगळं सांगितलेलंच नसतं. त्यावर जाड, कडक वॉशर हवा, नाहीतर नट लांबट भोकात रुतून बसतो आणि सरकणं पुन्हा बंद.

पॅकिंगचंही तसंच. एक्झॉस्टचं चांगलं गॅस्केट पातळ स्टीलच्या दोन-तीन थरांचं असतं. हेड आणि मॅनिफोल्ड त्याच्यावरून एकमेकांच्या अंगावर थोडे सरकू शकतात. गॅस्केटऐवजी किंवा त्याच्या दोन्ही बाजूंना लाल सिलिकॉन फासण्याची आपल्याकडची सवय या तापमानाला काही कामाची नाही. ते जळून राख होतं, आणि त्या जागी फट पडते.

आता आवळणं. नट किती घट्ट हवा हे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. आठ मिलिमीटरच्या स्टडला तो आकडा बऱ्याचदा २० ते २५ न्यूटन-मीटरच्या घरात असतो, म्हणजे लांब पान्याला हाताच्या ताकदीने लोंबकळलात तर तुम्ही कधीच त्याच्या पुढे गेलेले असता. जास्त आवळलेला नट मॅनिफोल्डला सरकू देत नाही आणि स्टडला आधीच ताणून ठेवतो. तापल्यावर स्टड आणखी ताणला जातो आणि तुटतो किंवा कायमचा लांब होऊन सैल पडतो. आवळताना मधून सुरुवात करून बाहेर जायचं, दोन-तीन टप्प्यांत. स्टड लांब आणि त्याच्यावर नळीसारखा स्पेसर अशी रचना काही इंजिनांवर दिसते. ती दिखाऊ नाही. लांब स्टड थोडा जास्त ताणला तरी पकड सोडत नाही, आखूड स्टड जरासा ढिला झाला की सगळी पकड जाते. स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचा नट कोरडा लावू नका, आटे एकमेकांत चिकटून बसतात. निकेलची पेस्ट आणि तांब्याचा मुलामा असलेला नट, हे जोडपं पुढच्या खेपेला सुटं होतं.

टर्बोचं वजन आणि हादरे

आतापर्यंत बोललो त्या चिरा सावकाश येतात. दुसऱ्या जातीच्या चिरा हादऱ्याने येतात, आणि वेल्डिंग केलेल्या पातळ नळ्यांच्या मॅनिफोल्डमध्ये त्या फार लवकर येतात. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर असताना दर सेकंदाला १०० धक्के देतं. टर्बो नळ्यांच्या टोकाशी लटकलेला असतो, म्हणजे प्रत्येक धक्क्याला तो नळीच्या मुळाशी वाकवतो. लाल झालेल्या स्टेनलेसची ताकद थंडपणीच्या निम्म्याहूनही कमी उरलेली असते. अशी चीर नेहमी वेल्डच्या कडेला सापडते, फ्लँजपाशी किंवा सगळ्या नळ्या एकत्र येतात त्या जोडावर.

इथे मात्र धरून ठेवणंच औषध आहे. टर्बोला खालून ब्लॉकशी जोडणारा आधार द्यायचा. पण वजन पेलायचं आणि वाढ मात्र अडवायची नाही, हे दोन्ही साधलं पाहिजे. जाड पट्टी कापून दोन्हीकडे कचकन बोल्ट मारला तर तुम्ही मॅनिफोल्डला आणखी एका जागी जखडलंत. थंड असताना छान बसलेली ती पट्टी तापल्यावर टर्बोला वर ढकलते. दोन्ही टोकांना फिरता गोळा असलेला दांडा, किंवा एका दिशेला सहज लवणारी पातळ पट्टी, हे बरोबर. जागा नसेल तर निदान एका बाजूचं भोक लांबट करा. कंपनीने दिलेलं टर्बोचं ब्रॅकेट काम करताना काढलं आणि "त्याच्याविना पण चालतंय" म्हणून डब्यात पडून राहिलं, असं घडतं. ते ब्रॅकेट शोभेला नव्हे, मॅनिफोल्ड वाचवायला असतं.

डाऊनपाइपची, म्हणजे टर्बोपासून खाली जाणाऱ्या पाइपची, गोष्ट याच्याच पुढची. आडव्या इंजिनाच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन पुढे-मागे डुलतं, आणि गाडीखालचा सायलेन्सरचा पाइप मात्र बॉडीला टांगलेला असतो. दोघांच्या मध्ये लवचीक जाळीदार तुकडा नसेल तर ती सगळी ओढ टर्बोमार्फत मॅनिफोल्डवर येते. मोठा पाइप लावून देताना हा तुकडा गाळण्याचा मोह वेल्डरला होतो, कारण तो महाग आणि बसवायला किचकट. गाळू देऊ नका. इंजिनाचं माउंटिंग बसलेलं असेल तर तेही याच वेळी बदला.

कोणता धातू

कंपन्या तापमान बघून धातू निवडतात, आणि त्यांचा क्रम साधारण असा: साधं करडं बीड सगळ्यांत थंड कामाला. त्याच्या वर सिलिकॉन-मॉलिब्डेनमचं गोलकणी बीड, ज्यात सुमारे ४ टक्के सिलिकॉन असतं. डिझेल आणि मध्यम पेट्रोल टर्बोला, ८२०-८५० अंशांपर्यंत. त्याच्या वर ३५ टक्क्यांच्या आसपास निकेल असलेलं बीड. आणि हजार अंशांच्या पेट्रोल टर्बोला ओतीव स्टेनलेस. त्यामुळे "बिडाचा आहे, फुटणारच" हे म्हणणं बरोबर नाही. नीट जाडीचा, चांगल्या बिडाचा ओतीव मॅनिफोल्ड रस्त्यावरच्या गाडीत चकचकीत नळ्यांच्या मॅनिफोल्डपेक्षा बहुतेक वेळा जास्त टिकतो. तो जड असतो, सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, आणि त्याच्यात वेल्डचे सांधे नसतात. रोज ऑफिसला जायच्या गाडीला मी तोच सुचवेन.

नळ्यांचाच बनवायचा असेल तर नळी पातळ नको. १.६ मिलिमीटर जाडीचा ट्यूब रेसच्या गाडीला, जिथे प्रत्येक शर्यतीनंतर तपासणी होते. रस्त्याच्या गाडीला शेड्यूल १० चा पाइप, दीड इंची घेतला तर भिंत २.७७ मिलिमीटरची. वळणं तयार एल्बोची, नळ्या शक्य तेवढ्या आखूड.

ग्रेडबद्दल थोडं थांबून बोलावं लागेल. ३०४ स्टेनलेस सगळीकडे मिळतं, म्हणून बहुतेक मॅनिफोल्ड त्याचेच. अडचण अशी की साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात बराच वेळ राहिलं की त्यातला कार्बन क्रोमिअमला पकडून धातूच्या कणांच्या सीमेवर जाऊन बसतो. सीमेलगतचं क्रोमिअम संपतं, आणि धातू तिथूनच कुरतडला जाऊ लागतो. टर्बोचा मॅनिफोल्ड आयुष्यातला मोठा वेळ नेमका याच पट्ट्यात घालवतो. ३२१ ग्रेडमध्ये टायटॅनिअम असतं आणि ३४७ मध्ये नायोबिअम. हे दोघे कार्बनला आधीच अडकवून ठेवतात, क्रोमिअम मोकळं राहतं. किमतीत फरक पडतो, पण पेट्रोल टर्बोला तो पैसा योग्य जागी जातो. ३२१ जोडताना फिलर (सांध्यात वितळवायची तार) ३४७ ची वापरतात, कारण आर्कमध्ये टायटॅनिअम जळून जातं, नायोबिअम टिकतं. वेल्डरला हे माहीत असेल तर तुम्ही बरोबर माणसाकडे आला आहात.

त्याला दुसरा प्रश्न असा विचारा: आतून गॅस सोडणार का? आर्गन वेल्डिंग करताना बाहेरची बाजू आर्गनने झाकलेली असते, पण नळीच्या आतल्या बाजूला हवा असते. तिथे वितळलेलं स्टेनलेस हवेशी जळून काळं, खरखरीत, दाणेदार होतं. त्या प्रत्येक दाण्याच्या खाचेतून चीर सुरू व्हायला जागा मिळते, आणि दाणा सुटून पडला तर तो थेट टर्बाइनच्या पात्यावर. नळीची तोंडं टेपने बंद करून आत आर्गन भरायचा आणि मग वेल्ड करायचं, याला थोडा जास्त गॅस आणि थोडा जास्त वेळ लागतो, इतकंच.

पट्टी गुंडाळावी का?

यावर वाद होतात. पट्टी गुंडाळली की बॉनेटखाली गरमी कमी होते, वायू गरम राहतो, टर्बो लवकर फिरतो, हे खरं आहे. पण जी उष्णता धातू बाहेर टाकणार होता ती आता धातूतच राहते. ८०० अंशांवर तगणारा मॅनिफोल्ड पट्टीखाली ८७०-९०० ला गेला तर मर्यादेपार गेला. पातळ ३०४ वर आणि साध्या स्टीलवर पट्टी मला पटत नाही. पावसात ती भिजते, ओल धरून ठेवते, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. तडा गेलेला कळतो तो पट्टी काळी पडल्यावर. त्यापेक्षा धातूपासून थोडं अंतर सोडून पत्र्याचं हीट शील्ड. कंपन्या तेच लावतात. त्याच्या स्क्रूंचा खडखडाट होतो म्हणून ते काढून फेकू नका, नवीन क्लिप लावा.

कोकणातल्या पावसाळ्यात या शील्डचं आणि इंजिनाखालच्या कव्हरचं आणखी एक काम आहे. घाट चढून आलेला तापलेला मॅनिफोल्ड आणि रस्त्यावर साचलेलं गुडघाभर पाणी. शिंतोडे एकाच बाजूला उडाले तर ती बाजू क्षणात आकसते आणि दुसरी लालच राहते.

चालवण्याच्या सवयी आणि रीमॅप

बंद करण्यापूर्वी मिनिटभर गाडी उभी चालू ठेवा हा सल्ला टर्बोच्या बेअरिंगमधल्या तेलासाठी आहे, पण मॅनिफोल्डलाही तो मानवतो. त्याहून मोठी गोष्ट घाटातली. खंबाटकी पूर्ण दाबून चढलात, माथ्यावर पोचताच पाय काढलात आणि गिअरमध्येच उतरू लागलात. इंधन बंद होतं, आणि इंजिन लाल मॅनिफोल्डमधून नुसती हवा पंपासारखी ढकलू लागतं. वायूचं तापमान काही सेकंदांत शेकडो अंशांनी कोसळतं. कंपन्यांच्या चाचणीकक्षात मॅनिफोल्डची परीक्षा घ्यायची पद्धत हीच आहे: पूर्ण लोड, मग इंधन बंद करून मोटरने इंजिन फिरवायचं, पुन्हा पूर्ण लोड, शेकडो वेळा. माथ्यावर येण्याआधी शंभर-दोनशे मीटर जरा हलका पाय ठेवला की एवढ्यानेच धक्का बराच सौम्य होतो.

रीमॅपमध्ये, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकातलं इंधन-ठिणगीचं गणित बदलताना, डिझेल आणि पेट्रोल उलट वागतात. डिझेलला जास्त इंधन दिलं की एक्झॉस्ट तापतो. काळा धूर ओकणाऱ्या गाडीचा मॅनिफोल्ड भाजत असतो. पेट्रोलला थोडं जास्तीचं इंधन एक्झॉस्ट थंड ठेवतं, आणि इंधन कमी पडलं किंवा ठिणगी उशिरा पडली की मॅनिफोल्डमध्ये आग पोचते. सायलेन्सरमधून फटाके वाजवणारे मॅप ठिणगी उशिरा टाकूनच ते करतात. त्या फटाक्यांचा काही भाग मॅनिफोल्डच्या आतच फुटतो. ताकद वाढवणारच असाल तर टर्बाइनच्या आधी के-प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) बसवा आणि काटा बघत चालवा. जुन्या बनावटीच्या डिझेलमध्ये ७०० अंश सतत दिसत असतील तर पाय काढावा.

एक दिलाशाची गोष्ट. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआय इंजिनात किंवा फोर्डच्या १.० इकोबूस्टमध्ये वेगळा मॅनिफोल्डच नाही. नळ्या ॲल्युमिनिअमच्या हेडमध्येच ओतलेल्या आहेत आणि भोवती पाणी फिरतं. बाहेर फक्त एक तोंड, त्यावर टर्बो. अशा गाडीत या लेखातलं अर्धं प्रकरण लागूच होत नाही, फक्त टर्बोचं हाउसिंग आणि त्याचे स्टड बघावे लागतात.

तडा शोधणं आणि जोडणं

थंड इंजिनावरची टिकटिक, गॅस्केटच्या कडेला काजळीची काळी रेघ, पिकअप उशिरा येणं, केबिनमध्ये धुराचा वास. शेवटची खूण हलक्यात घेऊ नका, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. पेट्रोल गाडीत चिरेतून धक्क्याधक्क्याच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सर फसतो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) विनाकारण इंधन वाढवतो. खात्री करायची तर थंड इंजिनावर धूर सोडणारं मशीन लावा, किंवा मॅनिफोल्ड काढून घासून लाल रंगाच्या पेनिट्रंटने तपासा. तो रंग चिरेत मुरतो आणि पांढऱ्या डेव्हलपरवर रेघ बनून उमटतो. टर्बाइन हाउसिंगच्या आत, वेस्टगेटच्या (जास्तीचा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) भोकाजवळ, केसाएवढ्या चिरा जुन्या टर्बोत वारंवार दिसतात. त्या बाहेरपर्यंत पोचलेल्या नसतील आणि तुकडा सुटण्याच्या बेतात नसेल तर काही टर्बो तशाच चालू शकतात. निर्णय टर्बोवाल्याने बघून घ्यावा.

बिडाचा मॅनिफोल्ड जोडायचाच झाला तर पितळ नको, लाल तापमानाला त्याची पकड सुटते. चिरेची दोन्ही टोकं शोधून तिथे छोटं भोक मारायचं, चीर खोदून काढायची, आख्खा भाग तापवायचा, निकेलच्या रॉडने थोडं थोडं वेल्ड करत प्रत्येक तुकडा हलकेच ठोकायचा, आणि शेवटी चुन्यात किंवा राखेत पुरून एक रात्र निवू द्यायचा. त्यानंतर लेथ किंवा मिलिंगवर फेसिंग. एवढं करूनही शेजारी नवीन चीर येणं फार सामान्य आहे, म्हणून नवा भाग मिळत असेल तर जोडण्यात मला अर्थ वाटत नाही. दुर्मीळ गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

नवीन बसवताना हेडचा आणि मॅनिफोल्डचा चेहरा सरळ पट्टीने तपासा, स्टड सगळे नवे घ्या. दोन-तीन वेळा गाडी पूर्ण तापून निवल्यावर, इंजिन थंडगार असताना, नट टॉर्क रेंचने एकदा बघा. गॅस्केट बसल्यामुळे थोडे ढिले निघतात. पण तोच नट दर महिन्याला सैल निघत असेल तर त्याला आणखी आवळू नका. फ्लँज वाकडी आहे, भोक अडकतंय की डाऊनपाइप ओढतोय, ते आधी शोधा.